अंबरपेठचं निळं फूल

"रंगावरून जात ठरवतो तो माळी. वनस्पतिशास्त्राच्या माणसाने भिंग लावावं आणि केस मोजावेत."

*

भूमध्य समुद्राच्या काठच्या जुन्या लोकांनी एका तणाच्या लाल फुलाला नर म्हटलं आणि निळ्या फुलाला मादी. दोन्ही फुलांत पुंकेसर असतात आणि दोन्हींत बीजकोशही असतो. पण निळ्याला मादी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

*

"आ," तो म्हणतो. ती आ करते. दाराशी उभी असलेली मुलगी तोंडावर हात धरून हसते.

*

विष लावलेल्या प्रत्येक कागदावर लाल शिक्का मारावा. हुकमावरून.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. नांदेड मुंबई राज्यात गेलं. नांदेडच्या माणसांच्या खुर्च्या तेवढ्या हैदराबादेत राहिल्या.

*

"हातावर नका मारू, साब. बाकी कुठंबी मारा."

१अ. विष साहेबांसाठी होतं.
१ब. विष बाईंसाठी होतं.

विमलाबाईंचा जीव गेला त्याच्या कितीतरी आधी त्यांचं तोंड गेलं. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, जिभेची साल निघाली. घरात येणारा-जाणारा म्हणे, उष्णता झाली आहे, सब्जा घ्या. त्यांनी सब्जा घेतला. शेवटी लघवी बंद झाली तेव्हा त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून एवढंच विचारलं, "यांच्या पोटात पारा कुणी घातला?"

हे फेब्रुवारी सत्तावन्नचं. बाईंचे यजमान एकनाथराव एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे मुख्य प्राध्यापक होते. वाळलेल्या झाडांना कीड लागू नये म्हणून त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये पाऱ्याचं विष स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेलं असे. ते ब्रशने झाडांना लावायचं काम नागोराव नावाच्या नोकराचं. मग आणखी विचार करायची गरज कुणाला? ठाण्याच्या आधीच्या अमीनाने नागोरावला आत टाकलं, कबुलीसाठी ठोकलं, आणि कबुली यायच्या आत स्वतःची बदली गुंटूरला करून घेऊन तो निघूनही गेला.

त्याच्या जागी सब-इन्स्पेक्टर हणमंतराव आले. सब-इन्स्पेक्टर हा नवा शब्द. रस्त्यावरची माणसं त्यांना अजून अमीनसाबच म्हणत. येऊन चार दिवस होत नाहीत तो त्यांचाही हुकूम आला: मराठी बोलणारे म्हणून तुम्ही मुंबई राज्याचे, सोमवारी औरंगाबादेला हजर व्हा. त्यांच्या मागून येणारा अधिकारी हातातला तयार आरोपी सोडून नवा शोधायला बसणार नव्हता. म्हणजे सोमवारपर्यंत काही निघालं नाही, तर नागोरावच्या गळ्यात दोर पडणार हे ठरल्यातच जमा होतं.

हणमंतराव आबिड्सच्या मागच्या गल्लीत एकनाथरावांच्या घरी गेले. एकनाथराव टेबलाशी बसले होते. बायकोला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि माणूस भिंगातून पाकळी पाहत होता.

"बसा. विष माझ्यासाठी होतं, हणमंतराव," भिंगावरचा डोळा न काढता ते म्हणाले. "अंबरपेठचं ते निळं फूल वाळलं, की कापून पाहण्याआधी मऊ करावं लागतं. मी ते जिभेखाली धरतो. डिपार्टमेंटात सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्यापूर्वी माझं तोंड आलं, तेव्हा ती म्हणाली, मी धरते. माझं मरण तिने घेतलं म्हणा."

"नागोरावला तुमच्यावर कसला राग?"

"नाग्याला? ऑक्टोबरात रजा न विचारता नागपूरला पळाला. बुद्ध होऊन परत आला. मी म्हटलं, झालास ते बरं केलंस, आता बुद्धासारखा शांतपणे महिनाभर संडास धू. धुतले त्याने." एकनाथरावांनी आता डोळा उचलला. "त्याला राग असायला माझी हरकत नाही."

मग त्यांनी कागदाची एक पुडी हणमंतरावांपुढे सरकवली. आत बोटाच्या नखाएवढी वाळकी फुलं होती. डॉक्टरने त्यातली काही नेऊन तपासली होती, पाराच निघाला होता.

"ही तर पांढरी आहेत," हणमंतराव म्हणाले. "फूल निळं म्हणत होता ना तुम्ही?"

"रंगाचं काय घेऊन बसलात? तुमचं शेत आहे ना नांदेडकडे? मग तुम्हीही माळीच. शिक्का पाहा. पुडीवर शिक्का नाही. नाग्याने विष लावलं, शिक्का मारला नाही, आणि पुडी माझ्या हातात दिली. तिने त्यातून एकेक फूल उचललं. झालं."

हणमंतराव घरी परतले तेव्हा त्यांना पटलं होतं. पटलं नव्हतं ते एवढंच, की फूल निळ्याचं पांढरं का व्हावं.

२अ. मारणाऱ्याला माहीत होतं की फूल तोंडात जातं: ३ पाहा.
२ब. माहीत नव्हतं: तो मारणारा नव्हे.

डिपार्टमेंटात तातेराव नावाचे तरुण लेक्चरर होते, परभणीचे. बोलताना सारखे दाराकडे पाहत. नागोराव त्यांच्याच समाजाचा. एकाला धरलं की दुसऱ्यालाही धरायला वेळ लागत नाही, हे त्यांना पोलिसांनी सांगायची गरज नव्हती.

"निळं फूल कुणाला सापडलं?" हणमंतरावांनी विचारलं.

"मला. अंबरपेठला, गव्हाच्या रानात. साहेबांना नेऊन दाखवलं, तेव्हापासून ते साहेबांना सापडलं."

"हसू नका, तातेराव."

"हसत नाही, साहेब. आमच्यात असंच असतं."

तातेरावांनी दोन मोठे कागद टेबलावर मांडले. एकावर अंबरपेठचं रोप चिकटवलेलं, दुसऱ्यावर सिसिली बेटावरून अदलाबदलीत आलेलं. हणमंतरावांना दोन्ही सारखीच दिसली: चौकोनी देठ, समोरासमोर पानं, पाच पाकळ्यांचं फूल.

"सारखीच आहेत का?"

"तोच तर झगडा. तिकडच्या निळ्या फुलाला नाव पडून दोनशे वर्षं होत आली. आपलं अंबरपेठचं तेच निघालं, तर ते फक्त तण. वेगळं निघालं, तर नवी जात, आणि नाव द्यायचा मान साहेबांचा. फरक असला तर पाकळीच्या कडेच्या केसांत. इतके बारीक केस की भिंगाखाली पाकळी पसरल्याशिवाय दिसत नाहीत." तातेरावांनी आवाज खाली आणला. "नव्या राज्यात नवं कॉलेज निघणार, तिथं प्रिन्सिपॉल कोण याची चर्चा चालली आहे. ज्याच्या नावावर नवी जात, त्याचं पारडं जड."

"आणि जात ठरवता कशी?"

तातेरावांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "दोन-दोन प्रश्नांनी. पान समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असेल तर पुढच्या जोडीकडे जा, नसेल तर ते झाड सोडून द्या. एकेक जोडीला निम्मी झाडं गळतात. शेवटी एकच उरतं, त्याचं नाव वाचायचं."

हणमंतरावांना ही तऱ्हा आवडली. गेली वीस वर्षं ते उलटंच करत आले होते: आधी नाव ठरवायचं, मग प्रश्न.

"वाळलेलं फूल मऊ कसं करता?"

"कोमट पाण्यात."

"जिभेखाली नाही?"

तातेराव गोंधळले. "जिभेखाली? साहेब, इथं विष लावलेली झाडं शेजारीच असतात."

"एकनाथराव काय करतात?"

"ते म्हणतात, पाण्याने केस झडतात. त्यांची फुलं ते घरी नेतात आणि सकाळी ओल्या फडक्यात आणतात. मऊ, एकही पाकळी न मोडलेली. आम्ही विचारलं नाही. त्यांना विचारायची पद्धत नाही."

हणमंतरावांच्या सांगण्यावरून तातेरावांनी विषाच्या बाटलीत ब्रश बुडवून निळ्या फुलावर फिरवला. बघता बघता स्पिरिटने रंग ओढून घेतला, आणि फुलाची जागा पांढऱ्या कातडीने घेतली.

"असं होतं हे साहेबांना माहीत नाही?"

"डोळ्यांनी रोज बघतात," तातेराव म्हणाले. "पण रंग त्यांच्या लेखी नसतोच."

संध्याकाळी हणमंतराव कोठडीत गेले. नागोरावचे दोन्ही पंजे वांग्यासारखे सुजले होते. चहाचा कप खाजा मियाँ शिपायाने त्याच्या ओठांशी धरला होता, आणि पुटपुटत होता, "हौलेपना किया रे वो अमीन, पागलपना. हातां पे कोन मारता?"

"पुडीतल्या फुलांना विष का लावलंस?" हणमंतरावांनी विचारलं.

"न्हाई लावलं, साब. समदे हेच इचारायलेत. आन् लावलं आसतं तरी साहेब मेले कसे आसते? झाडाला हात लावून मानूस मरतंय का? मी तं पंधरा वर्सं लावायलोय."

"ते फूल तोंडात धरतात."

नागोरावने कपावरून तोंड बाजूला केलं. तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "तोंडात? कामून? फूल काय खायाचं आसतंय?"

ज्याला फूल तोंडात जातं हेच माहीत नाही, तो फुलाला विष कशाला लावील? हणमंतरावांनी मनातल्या मनात दोन नावं खोडली, तातेराव आणि नागोराव. उरली ती त्या घरात वावरणारी माणसं.

३अ. बाईंनी फूल आधी पाहिलं.
३ब. पाहिलं नाही: ४ पाहा.

त्या घरात नवराबायकोंशिवाय एकच माणूस जात असे: तारामती. कॉलेजची विद्यार्थिनी, अंबरपेठला राहणारी, विमलाबाईंकडे झाडांची चित्रं काढायला शिकणारी. ती पोलिसांसमोर रडायची तयारी करूनच आली होती. हणमंतरावांनी तिला आधी चहा पाजला आणि मग म्हणाले, "रडायचं नंतर. जिभेखाली फुलं कोण धरायचं?"

"बाई. नेहमी बाईच."

"सरांचं तोंड आलं म्हणून?"

"नाही हो! सरांचं तोंड कुठं आलं होतं? मी येते तेव्हापासून बाईच धरायच्या. सर तर आमरसात रेषा आली तरी वाटी सारतात. ते कशाला धरतील?"

"विष लावलेलं फूल बाईंना ओळखू आलं असतं?"

"आलं असतं म्हणजे काय! मी एकदा शिक्का नसलेला कागद घेऊन गेले, तर बाई दारातूनच ओरडल्या, ठेव तो खाली, हात धू, रंग उडालाय बघ फुलाचा. त्यांचा रंगावर फार जीव. निळ्या रंगासाठी तीन-तीन निळे कालवायच्या."

हणमंतरावांनी पुडी उघडून तिच्यापुढे धरली. तारामतीने ती पाहिली आणि मान हलवली. "ही फुलं बाईंनी हातात धरली नसती, मग तोंडात कशी घालतील?"

"पण घातली. मेल्या त्या."

"त्या घालायच्याच नाहीत," तारामती म्हणाली. "सर घालायचे."

तारामती एकदम लाजल्यासारखी झाली.

"म्हणजे... बाईंचा एक डोळा भिंगाला, एका हातात ब्रश, दुसऱ्यात सुई. हात रिकामा नाही. सर मागे उभे राहून म्हणायचे, आ. की बाई आ करायच्या, चिमणीच्या पिलासारख्या. वर बघायच्यासुद्धा नाहीत. सर फूल टाकायचे. मला हसू यायचं. मी मैत्रिणींना सांगायची, लग्न असावं तर असं."

"बाई काही म्हणायच्या?"

"शेवटी शेवटी म्हणायच्या, हे फूल तांब्यासारखं लागतं, जीभ आखडते. सर म्हणायचे, लक्षात ठेवतो." तारामतीने कप खाली ठेवला. "सर वर्गातही म्हणाले, या नव्या जातीची चव धातूची आहे, तिकडच्या फुलाची नाही."

"बाईंना ही जात नवी वाटत होती?"

"नाही. त्यांनी दोन्ही पाकळ्या शेजारी शेजारी काढल्या. एकच पाकळी दोनदा काढल्यासारखं चित्र. सर म्हणाले, अंबरपेठच्या पाकळीचे केस कमी कर. बाई म्हणाल्या, आहेत तेवढे काढणार. बाई गेल्यावर तेराव्याच्याही आधी सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तू काढ, थोडे कमी काढ."

"काढलेस?"

आता मात्र ती रडली.

४. एकच उरतं.

रविवारी सकाळी हणमंतराव पुन्हा एकनाथरावांच्या टेबलाशी बसले. बरोबर खाजा मियाँ होता. हणमंतरावांनी खिशातून एक कागद काढून उलगडला. आत एक वाळलेलं फूल होतं, चांगलं निळंशार.

"तातेरावांनी दिलंय. विष नाही. जरा मऊ करून दाखवा, साहेब. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने."

एकनाथराव हसले. "हा काय पोरखेळ?"

"तुम्ही जिभेखाली धरता म्हणालात. मला बघायचंय."

एकनाथरावांना आता मागे फिरणं जड झालं. त्यांनी फूल चिमटीत उचललं, डोळे मिटले, तोंडात टाकलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. ओकारी दाबत त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि त्यात जे पडलं, ते हणमंतरावांनी पाहिलं. चोथा.

"बाईंच्या तोंडातून अख्खं यायचं," हणमंतराव म्हणाले. "एकही पाकळी न मोडता. तुमचं कॉलेज त्यावर पोसलं."

"लाळ कमीजास्त असते. कोर्टात हे टिकणार नाही."

"हे नाही टिकणार. पुढचं ऐका. पुडीतली फुलं पांढरी आहेत. बाईंनी ती हाताने उचलली असती, तर ओळखली असती, आणि आज त्या जिवंत असत्या. त्यांनी उचलली नाहीत. त्यांच्या उघड्या तोंडात टाकली गेली. टाकणारा हात एकच होता. नागोराववर ढकलायचं म्हणून पुडी तुम्ही जपून ठेवलीत, पण रंग पाहिला नाहीत. तुमच्या लेखी तो नसतोच."

एकनाथराव भिंगाचा स्क्रू फिरवत राहिले. भिंगाखाली काही नव्हतं.

"आणखी एक," हणमंतराव म्हणाले. "या फुलाची चव धातूची आहे, असं तुम्ही भर वर्गात सांगितलंत. तातेरावांनी काल माझ्यासमोर ताजं रोप चावलं. कडू आहे. धातू-बितू काही नाही. मग ही चव कुणाच्या जिभेवरची? तुमच्या जिभेवरची असती, तर तुमचेही दात हलले असते. तिच्या जिभेवरची असेल, तर तिला पारा लागतोय हे तुम्हाला रोज संध्याकाळी कळत होतं, आणि तुम्ही तो वर्गात जातीचा गुण म्हणून सांगत होतात."

गल्लीतून एक बाई तेलुगूत भाजी ओरडत गेली. मग एकनाथराव, एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर बोलावं तसे, शांतपणे म्हणाले, "चव वगळली असती तर वर्णन अपुरं राहिलं असतं."

हणमंतरावांनी आयुष्यात खुनी पुष्कळ पाहिले होते. रडणारे, पाय धरणारे, शिव्या देणारे. असा नव्हता पाहिला.

"बायको होती ती तुमची."

"मी तिचंच नाव देणार होतो त्याला. जगाच्या पुस्तकात गेली असती. तिने फक्त चार केस कमी काढायचे होते." एकनाथराव उठले, कोट चढवला, आणि खाजा मियाँपुढे मनगटं धरली. "तारामतीला सांगा, चित्र शाईत करून ठेव म्हणावं. पेन्सिल पुसते."

"चलो, पुरुफेसरसाब," खाजा मियाँ म्हणाला, आणि त्याने बेडी गरजेपेक्षा दोन खाचा जास्त आवळली. हणमंतरावांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

५. नाव

सोमवारी पहाटेची गाडी चुकवून हणमंतराव ठाण्यात आले. हे काम त्यांना दुसऱ्यावर सोपवायचं नव्हतं.

"नागोराव, तुम्ही सुटलात."

नागोराव भिंतीला टेकून बसला होता. "आता तुम्ही का? परवापर्यंत तू होतो."

हणमंतराव त्याच्यासमोर बसले. "साहेबांनी स्वतःच केलं होतं. बाईंना त्यांनीच मारलं."

"बाई चांगल्या व्हत्या. मला नावानं हाक मारायच्या. अख्ख्या नावानं." त्याने मांडीवरच्या पंजांकडे पाहिलं. "मला कामावर घेतील?"

"घेतील. मी लिहिलंय तसं. तातेरावही बोलणार आहेत."

"घेऊन काय करतील? काल डाक्टर आलता. म्हनला, बोटं वळायची न्हाईत आता. कागदावर झाड चिटकवायचं म्हंजे एकेक पान उकलून बसवावं लागतंय, साब. ते काय कोपरानं करू?"

खाजा मियाँने सुटकेचा कागद आणि टाक आणला. नागोराव सातवीपर्यंत शिकलेला. आधीच्या अमीनाने त्याला पकडलं तेव्हाच्या कागदावर त्याची वळणदार सही होती, 'नागोराव भिवाजी', शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. त्याने टाक धरायचा प्रयत्न केला. टाक फरशीवर पडला. खाजा मियाँने उचलून दिला. तो पुन्हा पडला.

"ऱ्हाऊ द्या," नागोराव म्हणाला.

मग खाजा मियाँने शाईचा पॅड आणला, त्याचा सुजलेला अंगठा हळूच धरून त्यावर टेकवला आणि मग कागदावर. उमटला तो काळा गोळा. रेषाच नव्हत्या त्यात. हणमंतरावांनी त्याच्या बाजूला आपल्या हाताने लिहिलं: आरोपी निरक्षर नाही. पाहून खाजा मियाँने विचारलं, "ये कायको लिखे साब? कौन पढता?" हणमंतरावांनी कागद घडी करून फायलीत लावला.

नागोराव दारापर्यंत गेला, आणि कडी काढायला कुणीतरी येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

हे सगळं व्हायच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चतुराबाई नावाची मजूरबाई अंबरपेठच्या त्या गव्हाच्या रानात तण खुरपायला येणार होती. तिला ताप आला, म्हणून ती आली नाही, आणि तण तसंच राहिलं.